टर्बो रोटरी इंजिनची ताकद वाढवताना: नऱ्ह्यातल्या शेडमधले पंधरा महिने

१४ जानेवारी २०२४, रविवार, भोगी. घरी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या आणि भोगीची भाजी गार होत होती, आणि मी दौंडजवळ मित्राच्या उसातल्या रस्त्यावर एका मेलेल्या इंजिनाशेजारी उकिडवा बसलो होतो. पाय पूर्ण दाबला, बूस्टचा, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेच्या दाबाचा, काटा चढला, थांबायला हवा होता तिथून पुढेही चढत राहिला, आणि 'फट्' असा अगदी किरकोळ आवाज आला. पिस्टनचं इंजिन मरताना भांडी पडल्यासारखं वाजतं. याचा नुसता जीव गेला. आयडलला आल्यावर ढब... ढब... ढब करत थरथरलं आणि बंद केल्यावर परत सुरूच झालं नाही.

पुण्यात या इंजिनाबद्दल कुणाला विचारावं हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आज कुणी तिथेच अडकलं असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितोय.

आधी गाडीबद्दल. ऑक्टोबर २०२३ मध्ये मी ती कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका गॅरेजवाल्याकडून ६ लाख ४० हजारांना घेतली. 'गाडी' म्हणजे पाइपचा सांगाडा, वर फायबरचं अंग आणि आत माझदाचं १३बी टर्बो इंजिन, ८०च्या दशकातल्या आरएक्स-७ मध्ये यायचं ते. गाडीला नंबरप्लेट नाही, कधीच नव्हती. गॅरेजच्या भिंतीवर १९९१ साली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकलेल्या नारंगी-हिरव्या ७८७बीचा फोटो होता आणि त्याखाली विकणारे भाऊ मला सांगत होते, "ह्यात पिस्टन न्हाई, वॉल्व न्हाई, कॅम न्हाई. मग बिघडायला हाय काय?" मला ते पटलं.

एक गोष्ट मात्र मी नीट केली. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर खरेदीखत करून घेतलं आणि त्यात इंजिन नंबर, सांगाड्यावर ठोकलेला नंबर आणि 'ही गाडी नोंदणीकृत नाही, रस्त्यावर चालवण्यासाठी नाही' हे वाक्य घातलं. नोटरीचे तीनशे रुपये गेले. पुढे तो कागद मला तीनदा कामाला आला. ट्रेलरवरून गाडी आणताना खंबाटकीच्या अलीकडे पोलिसांनी थांबवलं, तेव्हा पहिल्यांदा.

भाऊंचं 'बिघडायला काय आहे' हे अर्धं खरं होतं. रोटरीत भुईमुगाच्या शेंगेसारख्या आकाराच्या घरात एक तिकोनी रोटर फिरतो. घर अॅल्युमिनियमचं, आतून क्रोमचा मुलामा. तिकोनाच्या प्रत्येक टोकाला एक पट्टी असते, एपेक्स सील. दोन मिलिमीटर जाड, आठ सेंटिमीटर लांब. पिस्टनच्या रिंगांचं मुख्य काम ती पट्टी करते. आत ठोका बसला, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण वेळेआधी आपोआप पेटलं, की पहिला बळी तिचा. एका रोटरचा एक कप्पा ६५४ सीसीचा, असे दोन रोटर, म्हणून कागदावर इंजिन १३०८ सीसीचं. जपानमधल्या गाडीत नवीन असताना ते १८५ पीएस (जवळजवळ तेवढीच अश्वशक्ती) द्यायचं.

इंजिन घेऊन गेलो नऱ्ह्याला. तिथे एका शेडमध्ये एक काका डिझेल पंप आणि टर्बोचं काम करतात, वय बासष्ट. प्लग काढून त्यांनी टॉर्च मारली, बराच वेळ आत बघितलं आणि विचारलं, "पिस्टन कुठंय?" मी मोबाइलवर रोटर फिरतानाचं चित्र दाखवलं. ते त्यांनी चार वेळा बघितलं. पाचव्यांदा थांबवून म्हणाले, "म्हणजे रोटर एकदा फिरतो तेव्हा शाफ्ट तीनदा फिरतो." मला हे समजायला दोन आठवडे लागले होते.

कॉम्प्रेशन, म्हणजे कप्प्यात हवा किती दाबली जाते ते, बघायला साधा टेस्टर चालत नाही. तो फक्त सगळ्यात मोठा आकडा पकडतो आणि इथे प्रत्येक रोटरचे तीन कप्पे वेगळे मोजावे लागतात. तयार रोटरी टेस्टर महाग, म्हणून तपकीर गल्लीतून एक प्रेशर सेन्सर आणि एक छोटा मायक्रोकंट्रोलर आणला. एकूण १,८५० रुपये. मी दिवसा हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे पंधरा महिन्यांत माझ्या शिक्षणाचा उपयोग झाला तो एवढाच. काकांनी आकडे खडूने शेडच्या भिंतीवर लिहिले. पुढचा रोटर: ६.९, ६.८, ६.९. मागचा: ६.६, २.१, १.८. माझदाची किमान मर्यादा साधारण ६ किलोची (दर चौरस सेंटिमीटरला), स्टार्टरवर अडीचशे आरपीएमला. मागच्या रोटरचे दोन शेजारी कप्पे गेले, याचा अर्थ त्यांच्यामधली एक पट्टी तुटली. सील एक, नुकसान दोघांचं.

का तुटली हे शोधायला आठवडा गेला. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी आठवडा तोच. आधीच्या कुणीतरी गाडीला तीन इंची मोकळा एक्झॉस्ट बसवला होता. ऐकायला छान. पण या टर्बोचं वेस्टगेटचं (जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचं) भोक लहान आहे. मूळच्या कोंदट सायलेन्सरबरोबर ते पुरतं. एक्झॉस्ट मोकळा केला की टर्बाइनमधून वायू इतका सुसाट जातो की वेस्टगेट पूर्ण उघडूनही बूस्ट आवरत नाही, हळूहळू वर सरकत राहतो. कंपनीने याची सोय केलेली असते: बूस्ट ठरलेल्या हद्दीपलीकडे गेला की कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो आणि गाडी गचका खाते. तो गचका नको म्हणून कुणीतरी डॅशबोर्डखाली काडेपेटीएवढा डबा जोडला होता, जो कॉम्प्युटरला 'बूस्ट वाढलेला नाही' असं खोटं सांगत होता. म्हणजे हवा वाढली, पेट्रोल तेवढंच. मिश्रण कोरडं पडलं, ठोका बसला, पट्टी गेली. काकांनी तो डबा तोडून भिंतीवर आकड्यांच्या शेजारी खिळ्याला टांगला. अजून तिथेच आहे.

फेब्रुवारीत इंजिन उघडलं. फ्लायव्हीलचा नट ५४ मिलिमीटरचा. त्याचा सॉकेट बोहरी आळीत मिळाला नाही, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमध्ये ट्रकवाल्यांकडे मिळाला. चार फुटी पाइप लावून मी आणि काकांचा पोरगा त्यावर अक्षरशः उभे राहिलो, तेव्हा तो हलला. आत मागच्या घराचं क्रोम ओरखडलेलं, रोटरच्या टोकाला खड्डा, आणि सीलचा तुकडा बाहेर जाताना टर्बाइनची दोन पाती कुरतडून गेलेला. काका म्हणाले, बोअर करून ओव्हरसाइज टाकू. रोटरीत ओव्हरसाइज नसतं. घर गेलं की घर बदलायचं.

खर्चाचा आकडा दिसायला लागल्यावर माझ्या मनात आलं, एवढं करतोच आहोत तर गाडी रस्त्यावर आणता येईल का? मार्चमध्ये सुट्टी टाकून संगम पुलाजवळच्या आरटीओत गेलो. खिडकीवरच्या बाईंनी खरेदीखत वाचलं (कागद दुसऱ्यांदा कामाला), 'नोंदणीकृत नाही' या वाक्याखाली पेनाने रेघ ओढली आणि शांतपणे सांगितलं की मंजूर झालेल्या प्रकारची गाडी नसेल तर नोंदणीच होत नाही. वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ समजावलं: नोंदणी असलेल्या गाडीतही उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलंय. शिवाय कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. वीस मिनिटांत विषय संपला. खरं सांगायचं तर बरं वाटलं. गाडी फक्त खासगी जागेत आणि ट्रॅकवर, जाणं-येणं ट्रेलरवर, हे पक्कं झालं. तुम्ही रोजच्या टर्बो गाडीचं रिमॅपिंग (ताकदीसाठी कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) करायच्या विचारात असाल तर आधी हे कलम वाचा, आणि मग विम्याची पॉलिसी.

९ एप्रिलला, पाडव्याच्या मुहूर्तावर सामान मागवलं. सीलचा पूर्ण संच, पाण्याच्या बाजूची रबरं, एक वापरलेलं घर आणि एक वापरलेला रोटर, जपानमधून. रोटर मागवताना दोन गोष्टी बघा. एक, त्याचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते: सुरुवातीच्या टर्बोचे रोटर ८.५चे, नंतरचे ९चे, आणि दोन्ही एकत्र चालत नाहीत. दोन, त्यावर ठोकलेलं वजनाचं अक्षर, ए ते ई. दोन रोटरांच्या अक्षरांत फार अंतर नको, नाहीतर शाफ्टचा तोल जातो. माझा उरलेला रोटर 'सी'चा होता. 'सी' मिळेपर्यंत तीन विक्रेते झाले.

पार्सल २६ एप्रिलला मुंबईत उतरलं आणि ३१ मेला माझ्या हातात आलं. मधल्या पाच आठवड्यांत कुरिअरवाल्यांनी आधार, पॅन, सहीचं अधिकारपत्र आणि पैसे भरल्याची पावती मागितली. ती दिल्यावर 'वापरलेला माल' या शब्दांवर खुलासा मागितला. मग गाडीची आरसी. आरसी नाही म्हटल्यावर खरेदीखत, तिसऱ्यांदा. आणि शेवटी एका दुपारी फोन आला: "सर, आरएक्सचे पार्ट आहेत ना? मग यामाहा का नाही लिहिलं?" मी चार वाक्यांत माझदा समजावून सांगितलं. ड्यूटी, आयजीएसटी आणि कुरिअरचे हाताळणीचे पैसे मिळून मालाच्या किमतीच्या जवळपास निम्मे भरावे लागले: १ लाख १२ हजारांवर ५४ हजार. हा आकडा आधीच बजेटमध्ये धरा. आणि विक्रेत्याला सांगून बिलावर प्रत्येक वस्तू वेगळी, नावासकट, 'वापरलेली' की 'नवी' ते लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं 'ऑटो पार्ट्स' होतं, सगळा वेळ त्यापायी गेला.

पावसाळा मोजमापात गेला. भोसरीत एका ग्राइंडिंगवाल्याने बिडाच्या बाजूच्या प्लेटा हातात घेऊन लगेच सांगितलं, "दोन थाऊ मारून देतो, आरशासारखं करतो." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. नको म्हटलं. त्या प्लेटांचा वरचा थर नायट्राइडिंगने कडक केलेला असतो, तो घासून गेला की खाली मऊ बीड उरतं. फीलर गेज घालून बघितलं, वाक ०.०४ मिमीच्या मर्यादेत होता. तशाच ठेवल्या. टर्बोला नवं टर्बाइन आणि बॅलन्सिंग, २८ हजार. वेस्टगेटचं भोक काकांनी स्वतः मोठं केलं आणि त्यावर मोठी चकती वेल्ड केली. याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. "ह्याच्यामुळं तर मेलं ना," एवढंच म्हणाले.

ताकद वाढवण्याचं म्हणून जे काम असतं, पोर्टिंग, ते मात्र गणपतीतल्या दोन संध्याकाळींत संपलं. रोटरीत वॉल्व नसल्याने हवा आत कधी येणार आणि कधी थांबणार, हे बाजूच्या प्लेटेतल्या खिडकीचा आकार ठरवतो. खिडकीची बंद होणारी कड थोडी पुढे नेली की ती उशिरा बंद होते आणि वरच्या आरपीएमला जास्त हवा भरते. प्लेटेवर निळी शाई फासायची, टेम्प्लेट ठेवून रेघ ओढायची, डाय ग्राइंडरला कार्बाइडचं बर लावून रेघेपर्यंत खायचं. लोभ सुटतो. पण कोपऱ्याचं सील ज्या वाटेने सरकतं तिथला आधार गेला, तर सील खिडकीत अडकतं आणि जानेवारीचा कार्यक्रम पुन्हा. मी रेघेच्या दीड मिलिमीटर अलीकडे थांबलो. बाहेर ढोलांचा सराव इतका जोरात चालू होता की आमच्या ग्राइंडरबद्दल तक्रार करायला कुणी आलं नाही.

१२ ऑक्टोबरला दसरा. शेडमधल्या सगळ्या मशिनांबरोबर रोटरांनाही झेंडूची फुलं वाहिली, आणि दुसऱ्या दिवशी जोडायला घेतलं. सीलं जागेवर उभी राहावीत म्हणून व्हॅसलिन लावतात, तेच, हिवाळ्यात ओठांना लावायचं. पहिल्या वेळी सगळं जुळलं आणि मागची प्लेट टेकवताना पाण्याचं एक रबर खाचेतून निसटलेलं दिसलं. परत उघडलं. दुसऱ्या वेळी जेवणाचा डबा खाऊन, हात धुऊन, मोबाइल बंद करून बसलो. घाई असेल त्या दिवशी हे काम करू नका. आम्हाला तीन रविवार लागले. शाफ्टचा मागेपुढे होणारा खेळ डायल गेजवर ०.०५ मिमी आला, ०.०४ ते ०.०७च्या मधोमध. काकांनी तोही भिंतीवर लिहिला.

मग पेट्रोल. हवा वाढवायची तर आधी पेट्रोल वाढवायचं, हा क्रम भोगीला शिकलो होतो. दोन मोठे इंजेक्टर, जास्त ताकदीचा पंप, नव्या लाइनी आणि सेकंडहँड स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्या कॉम्प्युटरऐवजी बसवायचा, हवा तसा लावता येणारा), मिळून १ लाख ३५ हजार. पेट्रोल कुठलं, हाही प्रश्न होता. साध्या पंपावरच्या ई२०मध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि त्याच हवेला ते शुद्ध पेट्रोलपेक्षा जास्त लागतं. ट्यूनिंग एका पेट्रोलवर आणि टाकीत दुसरं, असं झालं तर मिश्रण पुन्हा कोरडं. म्हणून मी इथेनॉल नसलेलं शंभर ऑक्टेनचं एक्सपी१०० ठरवलं. डिसेंबर २०२० मध्ये ते आलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणंही होतं. लिटरला दीडशेच्या वर जातं, पण आमची गाडी कुठे रोज ऑफिसला जाते.

गाडी पंपावर नेता येत नाही, म्हणून कॅन. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पंपवाले देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पत्र्याचे कॅन घ्या, आणि लक्षात ठेवा, परवान्याशिवाय घरगुती वापरासाठी एकूण तीस लिटरपर्यंतच ठेवता येतं. त्यात मी दर वीस लिटरला पावणेदोनशे मिली टू-टी ऑइल, टू-स्ट्रोक गाड्यांचं, मिसळतो, सीलांना ओलावा म्हणून. हे इंजिन मुळातच थोडं ऑइल जाळतं. पंपावरच्या पोराने टू-टीची बाटली बघून विचारलं, "आरएक्स हंड्रेड का, दादा?" आता मी 'हो' म्हणतो.

१९ जानेवारी २०२५ला पहिल्यांदा स्टार्टर मारला. सुरू झालं नाही. पेट्रोल जास्त झालं, प्लग ओले. इंधनाचा फ्यूज काढून नुसतं फिरवलं, प्लग पुसले, परत मारला. चौथ्या वेळी पेटलं आणि व्हॅसलिनचा पांढरा धूर इतका झाला की शेजारच्या फर्निचरवाल्याने बादली आणली. धूर निवायला वीस मिनिटं लागली. काका तेवढा वेळ हात मागे बांधून नुसते ऐकत उभे होते.

नवी सीलं बसायला बूस्टशिवाय बरंच चालवावं लागतं. रस्त्यावर परवानगी नाही, मग चालवायचं कुठे? परत दौंड. मित्राच्या शेतातला रस्ता सातशे मीटरचा. फेब्रुवारी-मार्चचे पाच रविवार मी त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात येरझाऱ्या घातल्या, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरांना वाट देत. दोनशे साठ किलोमीटर झाले. ट्रेलरची एक फेरी सहा हजारांची, म्हणजे हे माझ्या आयुष्यातले सगळ्यात महाग आणि कंटाळवाणे किलोमीटर. तिसऱ्या रविवारी मित्राच्या आईने विचारलं, "रोज त्याच जागी परत यायचं, तर जातोस कशाला?"

एप्रिलमध्ये चाकणकडच्या एका डायनोवर (चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) वेळ घेतली, दिवसाचे १८ हजार. ट्यूनर तरुण होता आणि शहाणा होता. पहिले चार तास त्याने बूस्ट वाढवलाच नाही, नुसतं मिश्रण आणि स्पार्क लावत बसला. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, त्यातला मागचा दहा अंश उशिरा. बूस्टमध्ये मिश्रण ११च्या आसपास, म्हणजे एक भाग पेट्रोलला अकरा भाग हवा, पेट्रोलकडे झुकलेलं. ०.४ बारला चाकांवर १५८ एचपी आले, ०.७ला २३१. वेस्टगेटने बूस्ट तिथे थांबवला आणि काटा हलला नाही. पाच वेळा ओढलं, पाचही वेळा तिथेच. माझ्या दृष्टीने दिवसाचा निकाल हा होता. ट्यूनर म्हणाला, इंजेक्टरला अजून जागा आहे, १ बार करू, तीनशेच्या जवळ जाईल. मी काकांकडे बघितलं. काका एक्झॉस्टच्या तापमानाच्या आकड्याकडे बघत होते. तो नऊशेच्या पलीकडे होता. "जेवून घेऊ," ते म्हणाले. जेवल्यावर आम्ही गाडी ट्रेलरवर चढवली.

एकूण खर्च, गाडीची किंमत सोडून, ४ लाख ७० हजारांच्या आसपास. स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटर स्पर्धांच्या संघटनेचं, लायसन्स लागतं. त्यासाठीच्या वैद्यकीय दाखल्यासाठी गेलो तेव्हा आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्तदाब दोनदा मोजला. अर्ज अजून भरलेला नाही.

डायनोनंतरच्या रविवारी इंजिन गार असताना पुन्हा टेस्टर लावला. शेडचं शटर अर्धं खाली, स्टार्टरचा आवाज, फस्, फस्, फस्, सारख्या अंतराने. काकांनी जुन्या आकड्यांच्या खाली नवे लिहिले. पुढचा: ७.४, ७.४, ७.३. मागचा: ७.३, ७.२, ६.९. मग खडू न ठेवता थोडा वेळ उभे राहिले आणि ६.९ भोवती एक गोल केला.

"पुढच्या महिन्यात परत बघू," म्हणाले.